आहारशास्त्राचा पाया शाळेंतच घालावा

उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत जनावरांच्या आहाराचें शास्त्र पदवीच्या अभ्यासक्रमांत शिकवितात. गाईचें दूध घटलें तर आपणहि प्रथम तिच्या वैरणीचा व पेंडीचा विचार करितों. परंतु घरची मुलगी फिकट कां दिसते, याचा विचार तितक्या आस्थेनें होत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं ५७.२ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. धान्याच्या राशी लागणारीं घरेंहि यांतून सुटलेलीं नाहींत.

यासाठीं आमची सूचना अशी कीं, महाविद्यालयाच्या प्रथम वर्षीं शिकविला जाणारा आहारशास्त्राचा प्रारंभिक भाग अकरावी-बारावीच्या मुलांमुलींस ऐच्छिक विषय म्हणून घेतां यावा, व त्याचे श्रेयांक पुढील शिक्षणांत धरले जावेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानें शालेय व उच्च शिक्षण एकाच मापांत आणण्याचें तत्त्व मान्य केलेंच आहे.

हें शास्त्र आपल्या ताटापासून दूर नाहीं. ज्वारींत लायसिन हें अमिनो आम्ल कमी असतें, तें तुरींत भरपूर असतें. तुरींतील उणीव ज्वारी भरून काढते. म्हणून भाकरी व वरण हीं एकमेकांस पूरक आहेत. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नांतील लोह अंगीं कमी लागतें. लिंबू पिळलें तर अधिक लागतें. परभणीच्या कृषि विद्यापीठानें इक्रिसॅटच्या सहकार्यानें २०१८ सालीं लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी प्रसारित केली. पण लोहाचें महत्त्व ज्या घरास ठाऊक नाहीं, तें घर असें बियाणें मागणार कशास?

कोणी म्हणतील, आमच्या भागांतील मुलें वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या भारानें आधींच वांकलीं आहेत. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच विषय सक्तीचा नसावा. परंतु परीक्षेस बसणारीं सर्वच मुलें डॉक्टर होत नाहींत. संसार मात्र बहुतेकांस करावयाचा असतो. दुसरा आक्षेप असा कीं, हा विषय मुलींचा. तो आम्हांस मान्य नाहीं. सर्व रान सोयाबीनखालीं घालावें कीं मूग, उडीद व तीळ यांस चार तासें ठेवावींत, आडतीवर किती न्यावें व घरीं किती राखावें, हें बहुधा पुरुषच ठरवितात.

मात्र शिक्षक तयार नसतां विषय सुरू केला, तर केवळ घोकंपट्टी होईल. शिक्षकांच्या शिक्षणाचें काम परभणीचें सामुदायिक विज्ञान महाविद्यालय करूं शकेल. मराठी पाठ्यपुस्तक व प्रयोगासाठीं साधें स्वयंपाकघर यांची तरतूद संस्थाचालकांनीं करावी. आमच्या वाचकांपैकीं जे शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर आहेत, त्यांनीं येत्या सभेंत हा प्रश्न मांडावा. मातीची तपासणी करून खत देणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट पटवून देण्यास फार शब्द लागूं नयेत.