पाहुणे गेले, शेजारी राहिले

लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरांत आजही पहिले नाव निघते ते गांधीनगरचे. घरातली चार वडीलधारी माणसे, नवरीची आत्या, एखादी जाणती मावशी आणि पिशव्या उचलायला एक भाचा, असा लवाजमा तावडे हॉटेलच्या चौकातून आत वळतो. दुकानात गादीवर ऐसपैस बैठक पडते. साड्यांच्या घड्या उलगडत जातात, चहा येतो, मानापानाच्या याद्या निघतात. गल्ल्यावरचे शेठ सिंधी असतात. पण 'या पाव्हणं, काय दाखवू?' हे त्यांचे स्वागत अस्सल कोल्हापुरी हेलाचे असते. भाव करताना दोन्ही बाजू मराठीत भांडतात. शेठ मुलाला काही बजावायला वळले की तेवढ्यापुरती भाषा बदलते आणि आपल्या ध्यानात येते, की ही माणसे कुठून तरी आली आहेत.

कुठून आली, कशी आली आणि ती यायच्या आधी इथे कोण होते, हे मात्र बस्त्याला गेलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या जमिनीवर हा बाजार उभा आहे, तिने अवघ्या पाच-सहा वर्षांत दोन वेळा निर्वासित पाहिले. एकदा युरोपातले आणि एकदा आपल्याच देशातले. पहिले निघून गेले, दुसरे राहिले. या दोघांना आपण ज्या वेगवेगळ्या नजरांनी पाहिले, तिच्यात आपल्या शहराच्या स्वभावाचे बरेच काही दडलेले आहे.

सैबेरियापासून पंचगंगेपर्यंत

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवले जाऊ लागले. पुढे हिटलरने रशियावरच चढाई केली, तेव्हा १९४१ मध्ये लंडनमधले परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका झाली. धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. मागे राहिल्या बायका, मुले, म्हातारी माणसे. १९४२ मध्ये ती कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली आणि तिथून कराचीला.

त्यांना कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांसाठी बालाचडीला छावणी उघडली. कुटुंबांसाठी जागा निवडली गेली ती कोल्हापूर संस्थानातली, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरच्या वळिवड्याजवळची. हवा मानवणारी, पंचगंगा जवळ आणि रेल्वे दाराशी. १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवरचे छत्रपती अल्पवयीन होते आणि कारभार राजप्रतिनिधी मंडळ पाहत होते. अशा नाजूक काळात संस्थानाच्या भूमीवर सुमारे पाच हजार परक्या माणसांचे एक गावच वसले.

ते खरोखरच गाव होते. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, टपालघर, नाटकाचा रंगमंच, बालवीरांची पथके. मुलांचे शिक्षण पोलिश भाषेत चाले, कारण सगळ्यांना एक दिवस घरी परतायचे होते. आसपासचे भाजीवाले, दूधवाले, शिंपी यांना मोठे गिऱ्हाईक मिळाले आणि कामापुरते चार पोलिश शब्दही कानावर पडू लागले. छावणीतल्या बायका कोल्हापूरच्या बाजारात येत. नदीकाठी खेळणारी गोरी मुले पाहण्याचे अप्रूप हळूहळू सरले आणि ती रोजची झाली.

या मुलांचे बाप आणि भाऊ तेव्हा इटलीत लढत होते. १९४४ च्या मे महिन्यात माँते कासिनोची टेकडी अँडर्सच्या पोलिश सैनिकांनी सर केली. त्याच इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. म्हणजे पोलंडची घरे कोल्हापूरच्या आसऱ्याला आणि मराठी मुलखातली पोरे पोलिश जवानांच्या बरोबरीने युरोपात, असा हा उलटसुलट हिशेब होता.

युद्ध संपले तरी घरी जाणे नशिबी नव्हते. पूर्व पोलंडचा मोठा भाग सोव्हिएत रशियाने ठेवून घेतला. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावांची नावे मुलांना शाळेत शिकवली जात होती, ती गावेच दुसऱ्या देशात गेली. काही जण पोलंडला परतले, बरेचसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे पांगले. १९४८ पर्यंत बराकी रिकाम्या झाल्या.

पुन्हा कराचीहूनच

त्या फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले; सिंध मात्र अखंडच्या अखंड पाकिस्तानात गेला. १९४८ च्या ६ जानेवारीला कराचीत दंगल झाली आणि 'पाहू, थांबू' म्हणणाऱ्या हिंदू सिंधी कुटुंबांनीही बोटी गाठल्या. मुंबई बंदरात उतरलेल्या या लोकांना सरकारने युद्धकाळातल्या मोकळ्या छावण्यांत विखरून टाकले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. वळिवड्याच्या पोलिश छावणीचे गांधीनगर झाले.

योगायोग पाहा. पोलिश कुटुंबे कराची बंदरातून वळिवड्याला आली होती. पाच वर्षांनी त्याच कराचीहून निघालेली माणसे त्याच बराकींत उतरली. दोघांचेही गाव नकाशावरच्या रेघेने हिरावले होते आणि दोघांनाही परत जाण्याचा रस्ता नव्हता. सिंधी माणसाला तर दुसरे राज्यही नव्हते. पंजाबी निर्वासिताला निम्मा पंजाब तरी उरला. सिंध्याच्या वाट्याला सिंधचा एक वावही आला नाही. खरे तर १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. पण दंगलीतून बाहेर पडलेल्या माणसाला असले नाते कोण सांगणार?

त्या महिन्यांत कोल्हापूरचे स्वतःचे मनही ठिकाणावर नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर या भागात ब्राह्मणांची घरेदारे जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीतून सुटला नाही. खेड्यापाड्यांतली कित्येक कुटुंबे कायमची शहरांकडे निघून गेली. एकीकडे सिंधमधून पोळून आलेल्यांना आसरा देणारा आणि दुसरीकडे आपल्याच शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग पाहणारा, असा हा एकच मुलूख होता. आपल्या आतिथ्याची गोष्ट सांगताना हे पान गाळून चालणार नाही.

मिळवलेली जागा

'निर्वासित' हा शब्द सिंधी लोकांना आवडत नसे. आम्ही 'पुरुषार्थी' आहोत, असे ते सांगत. हाती भांडवल नव्हते आणि शेतीला जमीन नव्हती. उरली होती ती व्यापाराची रीत. नफा थोडा घ्यायचा, खप वाढवायचा, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही. खांद्यावर कापड टाकून दारोदार जाण्यापासून ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी घाऊक कापडाची अशी पेठ उभी केली, की तिचे गिऱ्हाईक कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातून येऊ लागले. बाजार गांधीनगरात मावेनासा झाला. उचगाव, वळिवडे, गडमुडशिंगीच्या हद्दींत पसरला.

त्या पेठेवर पोट भरणारे मात्र एकट्या सिंधी समाजाचे नाहीत. गाठोडी उचलणारे हमाल, टेंपोवाले, दुकानांतले नोकर, हिशेबनीस, शिंपी ही आसपासच्या गावांतली मराठा, दलित, मुस्लिम, लिंगायत, जैन कुटुंबांतली माणसे आहेत. आजोबा बराकीत उतरले आणि नातवाने शेजारच्या गावातल्या चार घरांना रोजगार दिला, असे घडले आहे.

कोल्हापूरला हे नवे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, तीच मुळी व्यापाऱ्यांना बोलावून बाजारपेठ उभी करण्यासाठी. १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा विद्यार्थ्यांची वसतिगृहे या गावात निघाली. आज गुजरीत गेलात तर सोन्यावर नाजूक काम करणारे बरेच कारागीर बंगाली असतात. बाहेरून आलेल्या हाताला काम देणे आणि त्याच्या हुन्नरावर आपली पेठ मोठी करणे, ही या गावाची जुनी चाल आहे.

कृतज्ञता आणि कुरकुर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पोलिश पाहुण्यांची आठवण आपण मोठ्या प्रेमाने काढतो. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९ मध्ये पोलंडचे शिष्टमंडळ कोल्हापुरात आले, छावणीत बालपण गेलेली वृद्ध मंडळी आली, वळिवड्यातही स्मारक झाले. वॉर्सात माँते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचे स्मारक उभे आहे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे जाऊन पुष्पचक्र वाहिले, तेव्हा प्रत्येक कोल्हापूरकराची मान ताठ झाली. ती व्हावी अशीच गोष्ट आहे.

पण सिंधी बांधवांच्या आगमनाची आठवण आपण किती वेळा काढतो? गांधीनगरचा विषय चारचौघांत निघतो तो बहुधा अतिक्रमण, वाहतुकीची कोंडी, बिलाविना व्यवहार, नाही तर 'ते लोक पैसेवाले' या सुरात. असे का व्हावे?

उत्तर फारसे गोड नाही. निघून गेलेला पाहुणा मागे फक्त कृतज्ञता ठेवून जातो. त्याने आपल्याकडे घर मागितलेले नसते, दुकान टाकलेले नसते, मतदार यादीत नाव घातलेले नसते. राहिलेला पाहुणा शेजारी होतो, मग स्पर्धक होतो, मग त्याच्या ओट्याची आणि आपल्या गटाराची हद्द एक होते. पाहुण्याशी चांगले वागणे सोपे. शेजाऱ्याशी रोज वागावे लागते. म्हणून कोल्हापूरच्या मोठेपणाची खरी कसोटी पोलिश छावणीच्या पाच वर्षांत लागली नाही. ती त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत लागली आणि अजून लागते आहे.

त्या कसोटीत आपण नापास झालो असे मला वाटत नाही. कुरकुर झाली, पण व्यवहार तुटला नाही. आणि कुरकुरीतली काही कारणे खरीही आहेत. पाच हजार माणसांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी आखलेल्या जागेत तीन पिढ्यांची वस्ती आणि कित्येक गावांचा बाजार कोंबला गेला. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली, पण त्यानंतर अनेक दशके हद्दवाढीचे घोंगडे भिजतच राहिले. सभोवतालच्या गावांसाठी २०१७ मध्ये वेगळे प्राधिकरण नेमले गेले. शहराला लागून असलेल्या बाजाराचा कारभार ग्रामपंचायतींच्या शिरावर टाकल्यावर रस्ते अरुंद राहणार, बांधकामे वाढणार आणि पाणी अपुरे पडणार, हे ओघानेच आले. हा दोष नियोजनाचा आहे. त्याला जातीचे किंवा प्रांताचे नाव देणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

काय जपायचे?

दरम्यान गांधीनगर आतून बदलते आहे. फोनवर बोट ठेवले की साडी दारात येते. बस्त्याला जाणाऱ्यांच्या मोटारी पूर्वीइतक्या राहतील का, याची चिंता दुकानदारांना आहे. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला, परदेशी जात आहेत. सिंधी भाषेला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, पण तिला स्वतःचे राज्य नाही. आजोबांच्या चोपड्या अरबी वळणाच्या लिपीत आणि नातवंडांचे शिक्षण इंग्रजीत. चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक निघते, घरात डाळ-पकवान होते. पण आजीची गोष्ट आजीच्याच भाषेत समजणारी मुले कमी होत आहेत. उद्या हा समाज पूर्ण कोल्हापुरी होईल. त्यात आपल्याला आनंद वाटेल. पण त्यांचे काहीतरी कायमचे हरवलेले असेल.

जुन्या बराकींचेही तसेच. बहुतेक पडल्या, त्यांच्या जागी इमले आले. थोड्या खुणा उरल्या आहेत. त्यांतली एखादी बराक जशीच्या तशी राखावी आणि तिच्या एका बाजूला पोलिश कुटुंबांची, दुसऱ्या बाजूला सिंधी कुटुंबांची हकिकत मांडावी, असे वाटते. त्याहून निकडीचे काम माणसांचे आहे. १९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आता नव्वदीच्या घरात आहेत. कराची कशी सुटली, बराकीतली पहिली रात्र कशी गेली, शेजारच्या गावाने पहिला तांब्या कधी भरून दिला, हे सांगणारी ही शेवटची माणसे. आपल्या महाविद्यालयांतल्या पोरांनी वही घेऊन त्यांच्याकडे जायला हवे. आणि वळिवड्याच्या जुन्या रहिवाशांकडेही, कारण दोन्ही वेळा दारात आलेल्या गर्दीला सामावून घेतले ते त्यांनी.

पुढच्या खेपेला बस्त्याला जाल तेव्हा भाव करून झाला, चहा संपला, की गल्ल्यावरच्या शेठना एवढे विचारा: 'तुमचं मूळ गाव कुठलं?' बहुधा ते हसून 'हेच की' म्हणतील. मग थोडे थांबा. कदाचित ते आणखी एक नाव सांगतील.