कोणाच्या हातात कोणतं पुस्तक

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास करंजाड्याहून एक आजोबा नातीला घेऊन पनवेलच्या टपाल नाक्याजवळच्या आमच्या कचेरीत दिवाळी अंक न्यायला आले. नात पाचवीत, इंग्रजी माध्यमाची. बोलायला चुणचुणीत. येताना गर्दीत रिक्षा कशी अडकली आणि रिक्षावाल्या काकांनी ती कशी बाहेर काढली, हे तिनं हातवारे करून सांगितलं, आणि त्या सांगण्यात एकही शब्द अडला नाही. मग मी अंक तिच्या हातात दिला, पहिलं पान वाच म्हटलं. दुसऱ्याच ओळीत ती एका जोडाक्षरापाशी थांबली, पुन्हा पुढच्या ओळीत थांबली. आजोबांनी विचारलं, "हिला काय वाचायला देऊ?" मला लहानपणी आवडलेलं एक जाडजूड पुस्तक कपाटात होतं, तेच काढून मी दिलं.

संक्रांतीला पुस्तक परत आलं. पंधराव्या पानातली खूण तिथेच होती. आजोबा काही बोलले नाहीत, पण पोरगी ओशाळून उभी होती. चूक तिची नव्हती. तिला कितपत वाचता येतं, तिला कशाचं हसू येतं, यातलं काहीही न विचारता मी तिच्या हातात पुस्तक दिलं होतं.

म्हणून यंदा अंकाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारला. उत्तम पुस्तक कोणतं, ते सांगू नका. तुम्ही स्वतः कोणाला तरी दिलेलं आणि त्या माणसानं शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक सांगा. दिलं कोणाला, तेही सांगा. पहिल्या बैठकीत फळ्यावर चाळीसेक नावं आली. ही अट लावली आणि निम्म्याहून अधिक पुसावी लागली. ज्या पुस्तकांचे आम्ही वर्षानुवर्षं गोडवे गातो, त्यांतली कितीतरी आम्ही कोणालाच दिली नव्हती. माझ्याही यादीतली चार नावं तशीच गेली.

उरलेल्या नावांत सगळ्यात पक्कं नाव आमच्या मुद्रितशोधक काकांचं ठरलं, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच हल्ली ते उघडलं जात नाही. काकांनी नातवाला ते वाचायला दिलंच नाही, वाचून दाखवलं. त्याची प्रकरणं म्हणजे बेचाळीस रात्री. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणीच ऐकण्याची आहे. काका रोज जेवणानंतर एक रात्र वाचत. त्यातल्या काही समजुती आज पटत नाहीत, हे काका मोकळेपणानं मान्य करतात. तिथे ते थांबत आणि नातवाला विचारत, तुला काय वाटतं? काही रात्री वाचन दहा मिनिटं आणि बोलणं अर्धा तास झालं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुरू करून रोज एक याप्रमाणे मोजलं तर बेचाळिसावी रात्र मार्गशीर्षात येते. ज्या घरात मूल मराठी बोलतं पण वाचताना अडखळतं, तिथे याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

अडखळणं हा आपल्या पनवेलचा आजचा खरा प्रश्न आहे. खारघर, कामोठे, करंजाडे, उलवे इथल्या इमारतींत सातारा, बीड, जळगाव, सिंधुदुर्ग असा सगळा महाराष्ट्र राहायला आला. घरात मराठी आहे, सणवार आहेत, आजीची बोली आहे. छापलेलं मराठी मात्र लग्नपत्रिकेपुरतं उरलं. दहा वर्षांच्या मुलाची समज दहा वर्षांची आणि मराठी वाचनाचा वेग सहा वर्षांच्या मुलाचा. त्याला बाळबोध गोष्ट दिली की त्याचा अपमान होतो, त्याच्या वयाचं पुस्तक दिलं की दमछाक होते. दोन्हीकडून मूल पुस्तकापासून दूर जातं, आणि मग आपण म्हणतो की याला वाचनाची आवड नाही.

आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंचा मुलगा याच वाटेनं चालला होता. ताईंनी त्याला माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका आणून दिली. चित्रं त्यांचीच, मजकूर मोजका, आणि घरातली माणसं आपल्या ओळखीची. मुलगा वयानं त्या पुस्तकांपेक्षा मोठा होता, म्हणून ताईंनी युक्ती केली: धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे दिलं. आता तो शिकवणारा झाला, त्यामुळे लहान पुस्तक वाचण्यात त्याला कमीपणा राहिला नाही. पुढे त्यांनी पुरंदरे यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग आणले. मराठी साहित्यातले वेचे आणि सोबत भारतीय चित्रकलेचे नमुने असलेली ही पुस्तकं घरातल्या मोठ्यांनीही पळवावीत अशी आहेत.

अंकाचे गठ्ठे सायकलवरून, अलीकडे स्कूटरवरून, वर्षानुवर्षं पोचवणाऱ्या आमच्या दादांनी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं नाव घेतलं. ज्या पोरांना एका जागी बसवत नाही त्यांना ते हेच देतात. फुरसुंगीचा बन्या स्वतःच एका जागी बसत नाही, आणि भागवतांची वाक्यंही त्याच्यासारखी पळतात. वाचणाऱ्याला थांबायला सवड मिळत नाही. पैशांची अडचण असलेल्या घरांसाठी दादांनी आणखी एक सांगितलं, ते फार मोलाचं आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

इथवर मुलांच्या पुस्तकांची नावं झाली. पण बैठकीत आमच्या चित्रकार मुलीनं सरळ विचारलं, "आईबाबा काय वाचणार ते आधी सांगा." ती बरोबर होती. घरात मोठं माणूस पुस्तक हातात घेऊन बसलेलं ज्या मुलानं कधी पाहिलंच नाही, त्याला आपण कोणत्या तोंडानं वाच म्हणतो? म्हणून आमची यादी वयानुसार लावलेली नाही, घरानुसार लावली आहे: प्रत्येक घरात एक पुस्तक मुलाचं, एक मोठ्याचं, आणि शक्य तर एक दोघांचं.

दोघांचं म्हणून तिनं 'पाडस' सांगितलं, राम पटवर्धनांनी केलेला 'द यर्लिंग'चा अनुवाद. जंगलालगतच्या शेतावरचा ज्योडी, त्याचं हरणाचं पाडस आणि त्याचा बाप. तिनं ते स्वतःच्या वडिलांना दिलं होतं. त्यांच्यात बरेच दिवस नीट बोलणं नव्हतं. पुस्तक संपल्यावर वडिलांनी त्याविषयी एक अक्षर काढलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी चहा टाकला. याहून जास्त तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

जाहिरातींसाठी फिरणारे आमचे भाऊ मूळ पेणकडचे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासानं शिणलेल्या भाच्याला त्यांनी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' दिलं. वरसई हे गाव इथून फार लांब नाही. तिथला एक भिक्षुक घरचं कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघतो, नेमका 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशीचा वेढा आतून पाहतो, कमावलेलं बहुतेक सारं लुटलं जातं, आणि शेवटी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परततो. हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलं, पण भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आणली. माझं मत स्पष्ट आहे: मूळ संहिताच वाचावी. पहिली दहा पानं जड जातील, मग तो माणूस ओसरीवर बसून आपल्याशी बोलतोय असं वाटू लागेल.

प्रबोधनकार ठाकरे पनवेलचे, त्यांचा जन्म इथे 1885 मध्ये झाला, हे पनवेलकरांना सांगायला नको. मात्र 'माझी जीवनगाथा' किती पनवेलकरांनी वाचलं आहे? आपल्याच गल्ल्यांतलं सव्वाशे वर्षांपूर्वीचं जिणं त्यात आहे. नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्याला गृहप्रवेशाची भेट म्हणून मी हे पुस्तक देतो. आजवर तिघांना दिलं, तिघांनीही वाचलं.

एक पुस्तक मात्र मी अट मोडून यादीत घातलं आहे. ते मी अजून कोणाला दिलेलं नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' घरोघर पोचली. त्यांचंच 'कातकरी : विकास की विस्थापन?' फारसं पोचलं नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याशी, माथेरानच्या उतारावर, आपल्या तालुक्यात ठिकठिकाणी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजारात बसलेल्या बायकांशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. विमानतळ, महामार्ग आणि मनोऱ्यांच्या या गावात त्यांची जागा कुठे, हा प्रश्न ते पुस्तक वाचल्यावर टाळता येत नाही. या दिवाळीत मी ते दोन जणांना देणार आहे. त्यांची नावं मनाशी ठरली आहेत.

1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची रीत मराठी घरांत पडली. अंक एक आणि वाचणारे सहा. आजोबांनी चष्मा पुसेपर्यंत कोणीतरी तो पळवलेला असे. ते घर पुन्हा तसंच्या तसं येणार नाही, पण घरात एकाच पुस्तकासाठी दोन माणसांची ओढाताण व्हावी, एवढी इच्छा मी जरूर धरतो.

करंजाड्याच्या त्या मुलीला पावसाळ्याच्या तोंडावर मी दुसरं पुस्तक दिलं. या वेळी आधी तिच्याशी अर्धा तास बोललो. तिला पक्षी आवडतात, कर्नाळ्याला शाळेची सहल गेली होती तेव्हा तिनं वहीत चित्रं काढली होती. तिला किरण पुरंदरे यांचं 'सखा नागझिरा' दिलं आणि आजोबांना सांगितलं, तुम्ही वाचा, ती ऐकेल. गणपतीत आजोबांचा फोन आला. अर्धं पुस्तक झालं होतं, आणि शेवटची चार पानं तिनं स्वतः वाचली होती.

आमच्या सर्वांची नावनिशीवार यादी या अंकाच्या शेवटच्या पानावर छापली आहे. त्या पानाची मागची बाजू कोरी सोडली आहे. तिथे तुम्ही यंदा कोणाला कोणतं पुस्तक देणार ते लिहा. दुकानात किंवा वाचनालयात जाताना पान खुशाल फाडून न्या.