ग्राफिक कार्ड बसवण्याआधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा!

परीक्षा संपल्या, लग्नसराई ऐन भरात आहे आणि पारा चाळिशीला टेकलाय. छत्रपती संभाजीनगरातल्या पोरांना सुट्टीत गेम खेळायच्यात आणि लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्यांना रात्रीतून काम उरकायचंय. म्हणून जुन्याच कॉम्प्युटरात नवं ग्राफिक कार्ड बसवायचा बेत घरोघरी शिजतोय. या सगळ्यांना कळकळीची विनंती: कार्ड आणलं असेल तर आज ते खोक्यातच राहू द्या. आधी कॅबिनेटची बाजूची प्लेट काढा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाचा.

स्टिकरवर ठळक अक्षरांत ‘४५० वॉट’ लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा, कारण ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघांचीही खरी भिस्त याच लाइनवर असते. तिथे १४ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॉट मागतं! त्यात आय-फाइव्ह १२४०० सारखा प्रोसेसर जोर लावला की ११७ वॉटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरा आणखी पन्नासेक. बेरीज साडेतीनशेच्या घरात गेली, आणि क्षणभराचे उसळते झटके त्यावर वेगळे. म्हणूनच या कार्डासाठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. तक्त्यात १२ व्होल्टचे दोन रकाने असतील, तर त्यांची सरळ बेरीज करू नका. एकत्रित मर्यादा दिलेली असते, ती धरा. अँपिअरचा तक्ताच नसेल, तर तो एसएमपीएस कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

गेम सुरू केला की मशीन रिस्टार्ट होतं, रेंडर लावला की स्क्रीन काळी पडते, आणि मग विंडोज फॉरमॅट करण्यात आठवडा जातो. कार्डाला शिव्या बसतात त्या वेगळ्याच. अशा वेळी संशयाची सुई आधी एसएमपीएसकडे वळवा.

कंपन्यांतून निघालेली रिफर्बिश्ड मशीन घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी जास्त सांभाळा. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मोठ्या कॅबिनेटातही एसएमपीएस २७५ वॉटचाच असतो. अशा मशीनसाठी जीटीएक्स १६५० चं वेगळी वायर न लागणारं मॉडेल बघा. ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच भागवतं, आणि स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो. छोट्या कॅबिनेटात कार्डाची उंची मावते का, तेही मोजून घ्या.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे जुगाडाचा कन्व्हर्टर. एसएमपीएसला आठ पिनांची वायर नाही, म्हणून हार्डडिस्कच्या साटा वायरीवरून ती काढून देतात. साटाची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट; आठ पिनांतून कार्ड १५० वॉट ओढू शकतं. मग प्लॅस्टिक वितळणारच. त्यात आपल्याकडची वरच्या मजल्यावरची, स्लॅबखाली तापलेली खोली. गरम हवेत एसएमपीएसची ताकद आणखी घटते, हे विसरू नका. घरात अर्थिंग नीट आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या.

यूपीएसचंही तेच. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. लाइट जाताच वरचा हिशेब त्याला काठावर आणून सोडतो.

शहरातल्या दुकानदारांनाही विनंती आहे. कार्ड विकताना गिऱ्हाइकाला ‘एसएमपीएस कोणता आहे?’ एवढं विचारा. कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस ‘चालून जाईल’ म्हणून गळ्यात मारू नका. आणि पालकांनो, कार्डाला हजारो रुपये मोजल्यावर एसएमपीएसच्या दोन-तीन हजारांवरून घासाघीस करू नका.

एसएमपीएस स्वतः खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब टिकून असू शकतो. जळका वास आला, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. वीज तुटल्याशिवाय पाणी मारू नका. आग लागलीच, तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.