कृत्रिम पाऊस : विमान उडालं, हिशेब कुठंय?

पावसानं ओढ दिली की 'कृत्रिम पाऊस पाडू' ही घोषणा ठरलेली. २००३, २०१५, २०१९ साली राज्यात विमानं उडाली. पाऊस आला तर श्रेय विमानाचं, नाही आला तर म्हणे ढगच नव्हते!

आता पुण्याच्या आयआयटीएमनं काय केलं बघा. त्यांचा 'कायपिक्स' प्रयोग २००९ मध्ये सुरू झाला. आधी देशभर विमानं फिरवून नुसते ढग मोजले. मग २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात तळ ठोकला. सोबतीला रडार, पर्जन्यमापकांचं जाळं. एक विमान फवारणीला, दुसरं मोजणीला. निवडलेल्या ढगांपैकी काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम सोडले. कारण तुलनेशिवाय पाऊस फवारणीनं वाढला की आपसूक पडला, हे कळणार कसं? निष्कर्ष : योग्य ढग असतील तर सुमारे १०० चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के वाढ. कोरड्या आभाळातून मात्र थेंबही नाही.

आपण निफाडकर वाफसा बघितल्याशिवाय पेरणी करत नाही. सरकार मात्र सोयाबीन-मका करपल्यावर विमान शोधायला निघतं. तोवर ढग निघून गेलेले असतात.

म्हणून मागणी साधी आहे. तयारी मे महिन्यातच करा. तालुक्यात गावोगाव पर्जन्यमापक बसवा. कुठल्या ढगावर फवारलं, खाली किती मिलिमीटर पडला, हे रोज जाहीर करा. पैसा आपला आहे, हिशेबही आपल्याला मिळायला हवा. लोकप्रतिनिधींना हे विचारणार का?