एकवीस ठिपके आणि न सांगितलेला नियम

इचलकरंजीत राहणाऱ्याच्या डोळ्याला चौकटीची सवय असते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाचा संसार उभ्या-आडव्या धाग्यांवर चालत आला आहे. कापडाची वीण कागदावर मांडायची तर चौकटींचा कागद लागतो. उभा धागा वर आला की चौकट भरायची, खाली गेला की मोकळी सोडायची. कापडात तिरकी रेघ हवी असली तरी ती चौकटींच्या पायऱ्या चढतच जाते. त्रिकोणाला मागावर जागा नाही. तो सापडतो उंबऱ्याबाहेर, रांगोळीत, जिथे एका ओळीचे ठिपके दुसऱ्या ओळीच्या फटींत बसवलेले असतात.

या ठिपक्यांवर एक खेळ बेतावा, असे आमच्या मनात आले. मूळ खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. वहीच्या मागच्या पानावर चौकोनी ठिपके मांडायचे, आळीपाळीने एकेक रेघ ओढायची, घर पुरे करील त्याने आपल्या नावाचे अक्षर आत लिहायचे आणि आणखी एक रेघ ओढायची. एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ साली त्याचे वर्णन छापले. श्रेय त्याने स्वतःकडे घेतले नाही, एका तंत्रशाळेतल्या विद्यार्थ्यांना दिले. तासाला कंटाळलेल्या मुलांनी रचलेला हा वाङ्मयप्रकार आहे, असे आम्ही म्हणतो. गणिताच्या प्राध्यापकांनी रागावू नये.

आम्ही ठिपके एक, दोन, तीन असे सहापर्यंत रचले. एकूण २१ ठिपके, ४५ रेघा, २५ लहान त्रिकोण. बाजूला पाच ठिपके घेतले असते तर १६ त्रिकोण झाले असते आणि बरोबरी संभवली असती. पंचवीस विषम, म्हणून कोणीतरी हरणारच. ही निवड आम्ही जाणूनबुजून केली.

चौकोनाच्या खेळात घराला दोन रेघा होईपर्यंत धोका नसतो. त्रिकोणात दुसरीच रेघ घातक, कारण तिसरी प्रतिस्पर्धी ओढतो. आता टोक वर असलेले त्रिकोण १५ आहेत आणि प्रत्येक रेघ त्यांपैकी नेमक्या एकाची बाजू असते. तेव्हा निर्धास्तपणे ओढता येतील अशा रेघा जास्तीत जास्त १५. सोळाव्या रेघेला, पुष्कळदा त्याआधीच, कोणाला तरी घर उघडून द्यावे लागते. पाल्हाळिक सुरुवातीला येथे वाव नाही. कथा पहिल्या तृतीयांशातच पेटते.

आणि मग येते ती खरी गोष्ट. घरे साखळीने जोडलेली असतात. एक उघडले की पुढचे उघडते आणि अधाशी खेळाडू सगळी साखळी गिळतो. ती संपली की पुढची साखळी त्यालाच उघडावी लागते. जाणता खेळाडू शेवटची दोन घरे सोडतो. तो साखळीचे बाहेरचे तोंड रेघेने बंद करतो. प्रतिस्पर्धी मधली एक रेघ ओढून ती दोन्ही घेतो आणि, घर पुरे केल्यामुळे, पुढची रेघ त्यालाच ओढावी लागते. म्हणजे पुढची साखळी तोच उघडून देतो. दोन देऊन दहा घेण्याची ही युक्ती नियमांत कुठेच लिहिलेली नसते, पण नियमांतूनच निघते.

येथे आमच्यात मतभेद झाला. ही युक्ती ठाऊक नसलेले मूल दर वेळी हरते, आणि थोडेथोडके नव्हे, सपाटून हरते. एका मित्राने सुचवले की घर पुरे केल्यावर मिळणारी जादा पाळीच काढून टाकावी. तसे खेळूनही पाहिले. साखळी उघडली की एक घर याचे, एक त्याचे. रडले कोणी नाही, पण दुसरा डावही कोणी मागितला नाही.

आमच्या मते दुखणे नियमाच्या कठोरपणात नाही, त्याच्या मौनात आहे. साहित्याच्या वर्गात आपण हेच करत आलो आहोत. रसग्रहण लिहा, असे सांगतो. पण काय लिहिलेले रसग्रहण समजले जाते, ते घरात पुस्तकांचे कपाट असलेल्या मुलाला आधीच ठाऊक असते. ज्याचे आईवडील पाळीने मागावर उभे असतात, त्याला ते गुणपत्रिकेवरून कळते. त्यावर उपाय म्हणून आपण प्रश्न सोपे करतो आणि युक्ती मात्र तशीच झाकून ठेवतो. म्हणजे जादा पाळी काढून टाकणेच झाले हे.

म्हणून आमचा आग्रह असा की कागदाच्या वरच्या भागात नियम छापावेत आणि खालच्या भागात दोन घरे सोडण्याची युक्ती, आकृतीसह. मित्र म्हणतो, शोधाचा आनंद जाईल. जो शोध चौघांतल्या एकालाच आणि तोही थोरल्या भावाकडून लागतो, त्याच्या आनंदाची आम्हांला फारशी काळजी वाटत नाही. शिवाय एल्विन बर्लेकँप यांनी २००० साली या खेळावर आख्खे पुस्तक लिहिले, तरी खेळ मेला नाही. दोघांनाही युक्ती ठाऊक असली की झुंज एक थर खाली जाते: लांब साखळ्या सम होणार की विषम, यासाठी पहिल्या रेघेपासून ओढाताण सुरू होते.

नावाचे अजून ठरलेले नाही. कागदाचे मात्र ठरले. चौकटींचा कागद गावात हवा तितका मिळतो, पण तो आमच्या कामाचा नाही. ठिपके हातानेच काढावे लागतील. खालच्या ओळीत सहा, तिच्या फटींवर पाच, त्यावर चार.