नव्या शेअरला घाई कशाला?

निपाणीत माझ्या टेबलासमोर बसून लोक अजून विचारतात, “साहेब, एलआयसी तेव्हा का पडला हो?” मे २०२२ मध्ये विक्रीचा भाव ९४९ होता, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट, म्हणजे ८८९. खास त्यासाठी कित्येकांनी डीमॅट खातं उघडलं. १७ मेला बीएसईवर शेअर उघडला ८६७ला! १३ जूनला अँकर, म्हणजे आधीच शेअर घेतलेल्या बड्या गुंतवणूकदारांची विक्रीबंदी उठली, नि भाव ७००च्या खाली. कंपनी काही बुडीत नव्हती. पण नव्या शेअरची वेळ आणि भाव दोन्ही विकणाराच ठरवतो. इथल्या तंबाखूच्या वखारीत उभी हयात गेलेल्यांना हे मी काय सांगावं? हौशी गिऱ्हाइकं पहिल्याच हप्त्यात आटोपतात, मागे विकणारेच जास्त उरतात. दोन तिमाहींचे निकाल येईपर्यंत हात आखडता घ्या, असं मी सांगतो. ऐकतात थोडेच.