महागातला मॉनिटर : पैसे नेमके कशाचे?



माझी भाची घरबसल्या डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, कधीमधी एखाद्या लेखकाचे पुस्तक. तिचा मॉनिटर दहा वर्षांचा जुना. गेल्या पावसाळ्यात एका पुस्तकात कितीतरी ठिकाणी अनुस्वार आणि रफार सुटले. पडद्यावर ते तिला नीट दिसलेच नव्हते. पाने पुन्हा छापावी लागली आणि तो खर्च तिच्या बिलातून वळता झाला. म्हणून भिशीचा नंबर लागताच तिने ठरवले, आता चांगला, महागातला मॉनिटर घ्यायचा. "मावशी, तू सोबत चल, तुला घासाघीस जमते," म्हणाली. ३० हजार रुपये पर्समध्ये घेऊन आम्ही दोघी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो.

दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले. सगळ्यांवर एकच चित्र चाललेले. निळा समुद्र, लाल पोपट, रंगीत मासे. सगळेच छान दिसत होते. सेल्समन म्हणाला, "ताई, हा घ्या. २७ इंची, कर्व्ह्ड, १६५ हर्ट्‌झ, एचडीआर. सगळे हाच नेतात." किंमत १९ हजार.

'सगळे हाच नेतात' हे वाक्य ऐकले की मी आधी पर्स घट्ट धरते. हे 'सगळे' कोण?

संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांना हर्ट्‌झ हवेत. हर्ट्‌झ म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र काढतो तो आकडा. साधा पडदा ६० वेळा काढतो, हा १६५ वेळा. धावपळीच्या खेळात तो फरक जाणवतो, पण लग्नपत्रिका जुळवताना त्याचा फारसा उपयोग नाही. फोटो स्टुडिओवाल्याला रंग बिनचूक हवा, कारण पडद्यावरची साडी आणि छापून आलेली साडी एकाच रंगाची दिसली पाहिजे. हिशेबनिसाला रुंदी हवी, म्हणजे सगळे रकाने एका नजरेत येतात. प्रत्येक जण आपापल्या गरजेला पैसे मोजतो आणि त्यात चूक काहीच नाही. दुसऱ्याच्या गरजेचे पैसे आपण मोजले, तर मात्र फसलो.

माझ्या भाचीची गरज एकच होती. रफार दिसला पाहिजे.

तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाली, "दादा, पोपट राहू द्या, माझे हे पान लावा." बारीक अक्षरातले मराठी पान त्या १९ हजारांच्या मॉनिटरवर उघडले. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून धुरकट झालेले. मग तेच पान शेजारच्या २७ इंची फोर-के मॉनिटरवर लावले. तिथे रफाराचा आकडा वेगळा, अनुस्वाराचा टिंब वेगळा. सेल्समनही वाकून पाहू लागला.

असे का होते? पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते, त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी पडद्यावर ते आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार. फोर-केवर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार, बरोबर चौपट. पडदा दोन्हींचा २७ इंचीच. तेवढ्याच जागेत चौपट ठिपके बसले की अक्षराची कड स्वच्छ येते. फुल एचडीचे ठिपके २४ इंचांत चालून जातात, २७ इंचांत ताणले की विरळ होतात. इंच वाढले म्हणजे अक्षर स्पष्ट झाले, असे नाही. आपल्या लिपीत तर वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, त्यामुळे हा फरक फार लवकर डोळ्यांत भरतो.

एचडीआरचेही ऐका. स्वस्त मॉनिटरवर नुसते 'एचडीआर' लिहिलेले असते तेव्हा तो तसले चित्र स्वीकारतो एवढेच बहुधा खरे असते. ते चित्र दाखवायला लागणारा प्रखर उजेड त्यात असेलच, असे नाही. ओएलईडी पडद्यावर काळा रंग अगदी काळा दिसतो, सिनेमाला तो उत्तम. पण एकच चौकट रोज दहा-दहा तास उघडी ठेवणाऱ्याच्या पडद्यावर तिचा डाग कायमचा उमटण्याची भीती असते. आमच्यासारख्यांनी आयपीएस पॅनल बघावे. त्यावर बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत.

महाग घेणाऱ्या ग्राहकालाही कुठे खुपते, याचा एक किस्सा आहे. जून २०१९ मध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीने ३२ इंची मॉनिटर जाहीर केला. किंमत ४,९९९ डॉलर. सिनेमाचे रंग सुधारणाऱ्यांची यंत्रे याहून कितीतरी महाग असतात, म्हणून ती किंमत अनेकांना पटली. पण पुढे सांगितले, स्टँड वेगळा घ्यावा लागेल, ९९९ डॉलरला. तेव्हा सभागृहात कुजबुज उठली. कामाच्या गोष्टीला माणूस पैसे देतो. जी गोष्ट सोबत यायलाच हवी तिचे वेगळे पैसे मागितले की श्रीमंतालाही झोंबते.

तरी स्टँड ही क्षुल्लक गोष्ट नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली यावी आणि पडदा हातभर लांब असावा, नाहीतर मान धरते. वर-खाली होणाऱ्या स्टँडचे पैसे द्यायला हरकत नाही. नसेल परवडत, तर खाली जाड पुस्तके ठेवा.

'डोळ्यांना सुरक्षित' या शब्दांसाठी मात्र जादा पैसे देऊ नका. पडद्याकडे टक लावली की आपल्या पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही या त्रासाचा दोष निळ्या प्रकाशाला देत नाही. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा उपाय फुकट आहे.

आता एक खाचखळगा. आमचीही इथे फजिती होणार होती. फोर-केला संगणकही तसा लागतो. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच येते आणि माउसचा बाण अडखळत चालतो. ६० वेळा यायला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवे. भाचीने संगणकाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि त्याचे मॉडेल लिहून आणले होते. नशीब, डिस्प्लेपोर्ट होते. नसते, तर नव्या कार्डाचा खर्च वाढला असता.

पैसे देण्यापूर्वी पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून घ्या. एखादा ठिपका मेलेला किंवा सतत पेटलेला असेल तर तिथेच कळतो. असे काही ठिपके बऱ्याच कंपन्या चालण्यासारखे धरतात, म्हणून वॉरंटीचा कागद दुकानातच वाचा. पक्के बिल घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

भाचीने फोर-के मॉनिटर घेतला. २८ हजार सांगितले होते, २६ हजार ५०० ला ठरला. उरलेल्या पैशांतून तिने डिस्प्लेपोर्टची चांगली केबल घेतली आणि आम्ही दोघींनी वडापाव खाल्ला. सेल्समन म्हणाला, "ताई, तो पोपटवाला स्वस्त होता की." ती म्हणाली, "दादा, मला पोपट छापायचे नाहीत."

तुम्हीही जाल तेव्हा आपल्या रोजच्या कामाचे एक पान सोबत न्या, आणि पोपट बघून ठरवू नका.